आयसीयूतून वॉर्डात: आज रात्रीच की उद्या सकाळी?

पेशंट सावरतोय आणि रात्री दहाच्या सुमाराला आयसीयूतून विचारणा होते: "वॉर्डात शिफ्ट करता येईल. आत्ता करू की सकाळी?" निर्णय अर्थातच डॉक्टरांचा, पण खासगी रुग्णालयांत नातेवाइकांचंही मत घेतात. आमच्या घरी दोन्ही झालं आहे. वडिलांना रात्री हलवलं, सासूबाईंना सकाळी.

रात्रीच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. आयसीयूचं बिल वाचतं. तिथले चोवीस तास जळणारे दिवे आणि मॉनिटरचे आवाज यांनी म्हातारी माणसं असंबद्ध बोलू लागतात, नळ्या ओढतात. वॉर्डात निदान घरचं कुणीतरी उशाशी बसतं. शिवाय खाली कॅज्युअल्टीत कुणीतरी त्याच बेडसाठी खोळंबलेलं असतं. वडिलांच्या वेळी आम्ही हाच हिशेब केला.

मला खटकला तो हँडओव्हर, म्हणजे पेशंट एकाकडून दुसऱ्याकडे सोपवणं. आयसीयूतल्या सिस्टर फाईल देऊन लगेच परतल्या, कारण त्यांचा दुसरा पेशंट वर होता. वॉर्डात एकाच सिस्टरकडे अख्खी रांग. आयसीयूचा चार्ट वेगळा, वॉर्डाचा वेगळा; औषधं आरएमओंनी, म्हणजे रात्रपाळीला हजर असलेल्या डॉक्टरांनी, नव्याने लिहायची, आणि ते दुसऱ्या मजल्यावर अडकलेले. "अँटिबायोटिकचा शेवटचा डोस कधी झाला?" हे सिस्टर मला विचारत होत्या. बऱ्याच वेळाने आरएमओ आले, फाईल पहिल्या पानापासून चाळू लागले आणि त्यांनीही मलाच विचारलं, "बाबांना शुगर आहे का?" बिघडलं काहीच नाही. पण त्या मजल्यावर वडिलांच्या आजारपणाची माहिती असलेला माणूस रात्रभर मी एकटाच होतो.

सासूबाईंच्या वेळी राउंड झाल्यावर हलवलं. दोन्हीकडच्या सिस्टर समोरासमोर बोलल्या, मोठ्या डॉक्टरांनी वॉर्डातल्या डॉक्टरांना स्वतः सांगितलं. मला कुणी काही विचारलं नाही. 'सकाळी' म्हणता म्हणता दुपार झाली आणि बिल वाढलं, हेही खरं.

आमच्या दोन अनुभवांवरून नियम निघत नाही. पण ब्रिटनमधल्या आयसीयूंचा एक अभ्यास २००० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. रात्री बाहेर काढलेल्या पेशंटमध्ये पुढे मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं, आणि त्यांतल्या अनेकांना खरं तर वेळेआधीच हलवलं होतं. २००७ मध्ये तिथल्या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या 'नाइस' या संस्थेने रात्री १० ते सकाळी ७ या वेळेत शक्यतो हलवू नका, हलवलंच तर प्रतिकूल घटना म्हणून नोंद करा, असं सांगितलं. उलट ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या २०१५ च्या अभ्यासात आजाराची तीव्रता आणि उपचारांवर आधीच घातलेल्या मर्यादा (म्हणजे अमुक उपचार करायचे नाहीत, असं आधीच ठरलेलं असणं) हिशेबात धरल्यावर घड्याळाचा वेगळा दोष उरला नाही. म्हणजे रात्र स्वतः वाईट नसावी. रात्री कुणाला आणि का हलवतात, यात खरी गोम असावी.

म्हणून मी एवढंच विचारीन: "पेशंट तयार आहे म्हणून हलवताय, की बेड हवाय म्हणून?" उत्तर देताना डॉक्टर जरा घुटमळले, तर सकाळपर्यंत थांबता येईल का, हे नम्रपणे पण पुन्हा एकदा विचारा. थांबणं शक्यच नसेल, तर लिफ्टमध्ये शिरण्याआधी पुढच्या डोसच्या वेळा, ऑक्सिजन किती ठेवायचा आणि कशावरून डॉक्टरांना बोलवायचं, हे आयसीयूच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.