बोअर न करताच घेतलेले बोअरिंगचे पैसे

जुनी गाडी ठेवणाऱ्या आणि तिचं बहुतेक काम स्वतःच्या हाताने करणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. आपल्याला गाडीतलं कळतं म्हणून आपल्याला कोणी गंडवणार नाही, असं मला खरोखर वाटत होतं. २०२३ च्या जानेवारीत भांडुपमध्ये राहून, रोज गाडीखाली शिरणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला एका गॅरेजवाल्याने इंजिनाला बोअर मारायच्या, म्हणजे सिलिंडरची झिजलेली भिंत यंत्राने आतून कापून थोडी मोठी करायच्या कामात साडेअठ्ठावीस हजारांना फसवलं. कसं फसवलं ते बारकाईने सांगतो, कारण त्यातली एकही गोष्ट अवघड नव्हती. कुठे बघायचं हे माहीत असतं तर पहिल्याच दिवशी लक्षात आली असती.

गाडी मारुती ८००, वडिलांनी १९९८ च्या मे महिन्यात नवी घेतलेली. कार्बोरेटरवाली, चार गिअरची, ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन. वडिलांनी पहिल्या दिवसापासून एका वहीत पेट्रोल, ऑइल, किलोमीटर लिहून ठेवलं. ते गेल्यावर वही माझ्याकडे आली आणि गाडीही. ऑइल बदलणं, प्लग साफ करणं, ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या पॉइंटचा गॅप फीलर गेजने लावणं, ब्रेक शू बदलणं, कार्बोरेटर उघडून जेट फुंकणं हे सगळं मी सोसायटीच्या पार्किंगमध्येच करतो. त्यावरून सेक्रेटरींशी दोनदा वाद झाला आहे. फरशीवर ऑइलचा डाग पडतो हे त्यांचं म्हणणं खरं आहे, म्हणून आता खाली पुठ्ठा आणि त्यावर जुनी चादर घालतो.

मुंबईत जुनी गाडी सांभाळणं म्हणजे निम्मी लढाई पावसाशी असते. रबरी मॅटखाली ओल धरते आणि पत्रा आतून खात जातो. वरून काहीच दिसत नाही. चार दिवस हँडब्रेक लावून गाडी उभी राहिली की मागचे शू ड्रमला चिकटतात. एका जुलैत एलबीएस मार्गावर विक्रोळीजवळ भर पाण्यात गाडी बंद पडली. डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडली, आतून रुमालाने पुसली, पॉइंट कोरडे केले आणि दुसऱ्या सेल्फला इंजिन लागलं. मागे हॉर्न वाजत होते, मी नखशिखांत भिजलो होतो, आणि त्या क्षणी जे वाटलं ते कुठल्याही नव्या गाडीत बसून मला वाटलेलं नाही. वडिलांच्या गाडीतलं काय बिघडलं ते मला कळलं होतं आणि माझ्याच हातांनी ती सुरू झाली होती. त्यासाठीच एवढा खटाटोप करतो.

मात्र काही कामं पार्किंगमध्ये होत नाहीत. सिलिंडरला बोअर मारायला यंत्र लागतं, तिथे पान्हे आणि गोट्या (सॉकेट) काय करणार? माझ्या फसवणुकीची सुरुवात इथेच झाली.

२०२२ च्या दिवाळीपासून सायलेन्सरमधून निळसर धूर येऊ लागला आणि ऑइल कमी होऊ लागलं. मे २०२३ मध्ये नोंदणीचं नूतनीकरण होतं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी. १ एप्रिल २०२२ पासून त्याची फी सहाशेवरून पाच हजार झाली, पर्यावरण कर वेगळाच. पैसे भरायची तयारी होती, पण ऑइल जाळणारी गाडी पीयूसीत अडकते, कारण न जळलेले हायड्रोकार्बन वाढतात. मुदत जवळ येत होती. मी घाईत आहे हे गॅरेजवाल्याला पहिल्या पाच मिनिटांत कळलं, कारण मीच त्याला ते सांगितलं.

गॅरेज पूर्व उपनगरात. मालक मराठी, चाळिशीचा, बोलायला अतिशय मऊ. "काका, तुमच्यासारखा गिऱ्हाईक आम्हाला शिकवतो," असं तो म्हणाला. मी त्याला कार्बोरेटरबद्दल अर्धा तास सांगत बसलो आणि त्याने ते मनापासून ऐकल्यासारखं ऐकलं. ठरलं ते असं: इंजिन उतरवायचं, बोअर मारायचा, ०.५० मिलिमीटर ओव्हरसाइज, म्हणजे तेवढे मोठे पिस्टन आणि त्यांच्याभोवतीच्या रिंगा, बेअरिंग, हेडचं (सिलिंडरवरच्या झाकणाचं) फेसिंग, व्हॉल्व्ह ग्राइंडिंग, सगळी गॅस्केटं. पंधरा हजार आगाऊ, ते मी मोबाइलवरून दिले. उरलेले साडेतेरा रोख. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "जीएसटी कशाला भरता काका, घरचंच काम आहे." वहीच्या पानावर त्याने यादी लिहून दिली, खाली सही नाही, शिक्का नाही.

ब्लॉक लेथवर असताना मला बघायचा आहे, असं मी सांगितलं होतं. तीन दिवस टोलवाटोलवी झाली. लेथवाल्याकडे गर्दी आहे, रात्री उशिरा नंबर लागेल, लाइट गेली. चौथ्या दिवशी संध्याकाळी त्याने फोटो पाठवला. मी सीएसएमटीहून सुटलेल्या कल्याण लोकलमध्ये दारात उभा होतो. फोटोत ब्लॉक चकचकीत, सिलिंडरच्या भिंतींवर होनिंगच्या, म्हणजे बोअरनंतरच्या घासकामाच्या तिरप्या रेघा स्पष्ट. दोन बोअर पूर्ण दिसत होते, तिसऱ्याचा बराचसा भाग. मी अंगठा दाखवणारं चित्र पाठवलं. पुढे दोन महिन्यांनी तोच फोटो घरी मोठा करून पाहिला तेव्हा डाव्या कोपऱ्यात चौथ्या बोअरची कड दिसली. माझं इंजिन तीन सिलिंडरचं. फोटो माझ्या ब्लॉकचा नव्हताच.

गाडी घरी आली. सुरू झाली, आवाजही बरा. धूर थोडा होता. मालक म्हणाला, "रिंगा बसल्या की जाईल. हजार किलोमीटर चालवा." हे वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण ते अर्धं खरं आहे. नव्या रिंगांना नव्या बोअरमध्ये बसायला थोडा वेळ लागतोच, सुरुवातीला ऑइल किंचित जातं. म्हणूनच या वाक्यावर चांगली माणसं विश्वास ठेवतात, आणि हजार किलोमीटर होईपर्यंत शहरातल्या गाडीचे दोन महिने निघून जातात. तोवर रोख पैसे पोचलेले असतात, मोडलेला माल भंगारात गेलेला असतो.

मी दर रविवारी ऑइलची पट्टी बघून वडिलांच्या वहीत लिहीत होतो. हजार किलोमीटरला आठशे मिली ऑइल गेलं, आणि या इंजिनात एकूण ऑइलच जेमतेम तीन लिटर बसतं. धूर होता तसाच. मग सिलिंडरमधला दाब मोजणारा कॉम्प्रेशन गेज आणला. तिन्ही प्लग काढून, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून, सेल्फ मारून आकडे घेतले: साडेआठ, नऊ, आठ (किलो प्रति चौरस सेंटिमीटर). नुकतंच काम केलेल्या इंजिनात बारा किंवा वर यायला हवे होते. प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजलं तर आकडे साडेअकराच्या पुढे गेले. ऑइल टाकल्यावर दाब वाढला म्हणजे गळती रिंगा आणि भिंत यांच्यामधून आहे. व्हॉल्व्ह गळत असते तर ऑइलने काही फरक पडला नसता. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

दुसऱ्या रविवारी लेकीला हाताशी घेऊन मी हेड उतरवलं. ती तेव्हा बारावीत होती, अभ्यास सोडून सकाळी सातला खाली आली. पिस्टनच्या माथ्यावरचा काजळीचा थर रॉकेलच्या फडक्याने पुसला. ओव्हरसाइज पिस्टनच्या माथ्यावर त्याचं माप कोरलेलं असतं, ०.५० चा असेल तर ०५०. तिन्हींवर असं काहीच नव्हतं. पिस्टन मूळ मापाचेच होते, पंचवीस वर्षांचे. मग पिस्टन खाली नेऊन सिलिंडरच्या वरच्या टोकाशी नख फिरवलं. नख अडकलं. वरची रिंग जिथपर्यंत येते तिथपर्यंतच भिंत झिजते, त्याच्या वर झीज होत नाही, म्हणून तिथे कड तयार होते. बोअर मारला की ती कड जाते. मारलेल्या बोअरमध्ये नख अडकूच शकत नाही. हे बघायला कुठलंही यंत्र लागत नाही. लेकीनेही नख फिरवून पाहिलं आणि माझ्याकडे बघून गप्प राहिली.

म्हणजे त्याने इंजिन खोललं, भिंतींवर हाताने पॉलिश पेपर मारला, जुन्याच पिस्टनांवर स्वस्तातल्या रिंगा चढवल्या आणि बंद केलं.

आणखी एक गोष्ट तेव्हाच लक्षात आली. गाडी द्यायच्या आदल्या दिवशी सवयीने मी कार्बोरेटर आणि डिस्ट्रिब्युटरवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. ते दोन्ही माझेच परत आले. स्टार्टरवर (सेल्फच्या मोटरवर) ठिपका द्यायचा राहिला होता. गाडीत बसवलेला स्टार्टर माझा नव्हता. त्याच्या पाठीवर गंजाचे पापुद्रे होते आणि वर ताजा काळा रंग फासलेला. माझा दोन वर्षांपूर्वी बुश आणि कार्बन बदलून मीच तयार केलेला होता. खूण बघून त्या माणसाने काय घ्यायचं आणि काय ठेवायचं हे ठरवलं होतं, याचा मला बोअरपेक्षाही जास्त राग आला.

मी भांडायला लगेच गेलो नाही, एवढं एक बरं केलं. दुसऱ्या एका लेथवाल्याकडून बोअर डायलने सिलिंडरच्या आतल्या व्यासाची मापं घेतली आणि त्याच्या कागदावर लिहून घेतली. या इंजिनाचा मूळ बोअर ६८.५ मिलिमीटर. ०.५० चं काम झालं असतं तर ६९ च्या वर यायला हवं होतं. आलं वर ६८.५९ आणि खाली ६८.५३. तो कागद, पिस्टनचे फोटो, त्याने पाठवलेला चार सिलिंडरवाला फोटो आणि पंधरा हजार दिल्याची नोंद, एवढं घेऊन गेलो. मालक आधी म्हणाला पोराने चूक केली, मग म्हणाला लेथवाल्याने फसवलं. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही, तक्रार दोन वर्षांच्या आत करता येते आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आधी फोनही करता येतो, हे मी त्याला आवाज न चढवता सांगितलं. तासाभराने त्याने नऊ हजार दिले. रोख दिलेल्या साडेतेरा हजारांचा माझ्याकडे काहीच पुरावा नव्हता, हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं. मी नऊ हजार घेतले, कारण मला पिस्टन आणायचे होते आणि मे जवळ आला होता. तक्रार करायला हवी होती असं आज वाटतं. त्याच्याकडे अजून गाड्या जातात.

पिस्टन शोधणं हीसुद्धा वेगळीच पायपीट. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबलं, आणि कार्बोरेटरवाल्या मॉडेलचा माल त्याच्याही आधीपासून आटत गेला आहे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर दोन शनिवार फिरलो. खोकं ओळखीच्या कंपनीचं आणि आत भलताच माल, हे तिथे समोर बघितलं. म्हणून दुकानातच खोकं उघडून तिन्ही पिस्टनांवरचा ०५० छाप बघितला, रिंगांच्या पाकिटावरचं माप बघितलं, पक्कं बिल घेतलं.

दुसरा लेथवाला साठीचा. मी ब्लॉक घेऊन गेलो तर म्हणाला, "पिस्टन कुठेत? आधी पिस्टन आणा. बोअर पिस्टनच्या मापाने मारायचा असतो, हवेत नाही." प्रत्येक पिस्टन मायक्रोमीटरने मोजून त्याने त्यावर खडूने १, २, ३ लिहिलं आणि त्या त्या सिलिंडरला त्याच मापाने हात घातला. पहिल्या गॅरेजवाल्याने मला पिस्टन कधी दाखवलेच नव्हते, आणि मीही मागितले नव्हते. हा मला म्हणाला बाजूला स्टूलवर बसा. तीन तास बसलो. शेवटी त्याने माझं बोट धरून भिंतीवरून फिरवलं. नख कुठेही अडकलं नाही.

जोडणी एका निवृत्त फिटरला सोबत घेऊन पार्किंगमध्येच केली. इंजिन उचलायला चेन पुली भाड्याने आणली. सेक्रेटरींनी वरून पाहिलं, काही बोलले नाहीत, थोड्या वेळाने चहा पाठवला. हेडचे बोल्ट टॉर्क रेंचने लेकीने आवळले, मधून बाहेर, तीन टप्प्यांत. मेमध्ये वडाळ्याच्या आरटीओत गाडी पास झाली.

आता हजार किलोमीटरला ऑइलची पट्टी जवळपास जागची हलत नाही. वहीत ते लेकीच्या अक्षरात आहे. माझा स्टार्टर मात्र परत मिळाला नाही. बसवलेला तो गंजका मी खोलून बुश घालून चालू ठेवला आहे, आणि गाडीतल्या प्रत्येक सुट्या भागावर आता लाल ठिपका आहे.