नव्या पार्टचे पैसे गेले, जुना ब्लॉकही गेला

आण्णांची यामाहा आरएक्स १०० मोटारसायकल आमच्या घरी १९९२ पासून आहे. ते गेल्यावर तीन वर्षं ती कापड टाकून उभी होती. गेल्या दिवाळीत ती परत रस्त्यावर आणायची असं ठरवलं. त्यात मी कसा फसलो ते सविस्तर लिहितोय, कारण आमच्या कोल्हापूर-सांगलीकडे या गाड्या हौसेनं उभ्या करणारे खूप आहेत आणि इंजिनाचं काम आतून बघितलेले फार थोडे.

मिस्त्रीनं आधी नऊ हजार सांगितले. इंजिन खोललं आणि चौथ्या दिवशी फोन आला, "दादा, ह्या ब्लॉकात आता काय ऱ्हायलं न्हाई. चारदा बोअर झालाय. क्रँक पण गेलीया. नवंच टाकूया, ओरिजिनल." ब्लॉक म्हणजे ज्यात पिस्टन वर-खाली होतो ते सिलिंडर; तो झिजला की आतून किंचित मोठा कापून मोठा पिस्टन घालतात, तो बोअर. क्रँक म्हणजे पिस्टनच्या जोरानं फिरणारा दांडा. इंजिन टेबलावर सुटं पडलेलं असताना माणूस नाही म्हणू शकत नाही. मी हो म्हणालो.

बिल झालं २३,६००. लेटरपॅडच्या कागदावर, पेनानं लिहिलेलं. ब्लॉक-पिस्टन सेट ७,५००, क्रँक असेंब्ली ६,८००, क्लच प्लेटा १,९००, बेअरिंग-सील-पॅकिंग २,४००, लेथकाम (बोअर, क्रँक प्रेस) १,५००, मजुरी ३,५००. ना जीएसटी नंबर, ना भाग क्रमांक. किकला गाडी लागली, तो आवाज ऐकला आणि डोळ्यांत पाणी आलं. मी काही न विचारता पैसे दिले.

सहाशे किलोमीटरही झाले नव्हते. पन्हाळ्याच्या चढावर इंजिन अडकून मागचं चाक एकदम जाम झालं. क्लच दाबला म्हणून वाचलो. मागे माझा मुलगा बसला होता. हे आठवलं की अजून हात कापतात.

या वेळी इंजिन थेट उद्यमनगरातल्या एका जुन्या लेथवाल्याकडे नेलं. त्यांनी ब्लॉक उताणा धरला, माझं बोट पकडून पोर्टाच्या, म्हणजे ब्लॉकच्या आतल्या भिंतीतल्या भोकाच्या, कडेवरून फिरवलं. कडा ब्लेडसारखी धारदार. बोअर केल्यावर पोर्टाच्या कडा घासून मोडाव्या लागतात, नाहीतर पिस्टनवरची रिंग तिथं अडकते आणि तुटते. माझी तशीच तुटली होती. पिस्टनच्या अंगावर वरपासून खालपर्यंत ओरखडे होते. "हा ब्लॉक कंपनीचा न्हवंच," ते म्हणाले.

मग त्यांनी बिल मागितलं, आणि मला दिसायला हवं होतं ते त्यांना एका नजरेत दिसलं. सेट नवा, तर बोअर कशाचा केला? क्रँक असेंब्ली नवी, तर लेथवर प्रेस काय केलं? क्रँक सोडवली. आमचीच जुनी होती, फक्त लोकल कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) बसवलेला. पैसे पूर्ण असेंब्लीचे घेतलेले.

घरी येऊन आण्णांची डायरी काढली. ते गाडीचा प्रत्येक खर्च लिहायचे. २००६ मध्ये एकदाच बोअर, पिस्टन ०.२५, म्हणजे मूळ मापापेक्षा ०.२५ मिमी मोठा. त्यानंतर इंजिन उघडलेलंच नाही. म्हणजे ०.५०, ०.७५ आणि १.०० असे तीन बोअर शिल्लक होते. लेथवाल्यांनी त्या कामाचे सहाशे सांगितले असते, वर पिस्टन-रिंगा.

ही गाडी १९९६ साली बंद झाली. आता नवा पार्ट मिळतो, पण कंपनीच्या मूळ ब्लॉकला जी मागणी आहे ती त्याला नाही. खरा माल आमचा जुना ब्लॉकच होता, आणि तो मी स्वतः मिस्त्रीच्या हाती दिला. इंजिन नंबर केसिंगवर असतो, ब्लॉकवर नसतो. त्यामुळे ब्लॉक, हेड, कार्ब्युरेटर बदलले तरी आरसी बुकात काहीही कळत नाही.

जाब विचारायला गेलो तर उत्तर एकच, "जुना माल भंगारात गेला." ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीसुद्धा लागत नाही. पण माझ्या कागदावर दुकानाचं धड नावही नाही.

तुमचं इंजिन खोलणार असतील तर तिथं हजर राहा. खोलण्याआधी ब्लॉक, हेड, कार्ब्युरेटरचे चारी बाजूंनी फोटो काढा. पिस्टनच्या डोक्यावरचा आकडा (०.२५, ०.५० वगैरे, त्यावरून किती बोअर झाले ते कळतं) स्वतः वाचा. बोअर संपला म्हणाले तर तो ब्लॉक घेऊन दुसऱ्या लेथवर मापून आणा, मिस्त्रीला राग आला तरी चालेल. नव्या पार्टचं पाकीट फोडताना समोर उभे राहा, त्यावरचा भाग क्रमांक आणि एमआरपी बिलावर लिहून घ्या. आणि निघालेला प्रत्येक जुना पार्ट, अगदी तुटकी रिंगसुद्धा, पिशवीत घालून घरी आणा. पैसे त्यानंतर द्या.

आमच्या ब्लॉकची एक खूण आहे. डाव्या अंगाची वरून तिसरी फिन (ब्लॉक थंड ठेवणारी बाहेरची पाती) टोकाला तुटलेली आहे, नखाएवढा तुकडा. मी लहान असताना माझ्याच हातून पाना पडला होता. कुणाला असा ब्लॉक विकायला आलेला दिसला तर कृपया कळवा. मागतील ती किंमत देऊन परत घेईन.