जुन्या गुन्ह्यांच्या ब्रिटिश मालिका: कुठे जमतात, कुठे फसतात

वर्षानुवर्षे न उलगडलेल्या गुन्ह्यांचा तपास नव्याने हाती घेणाऱ्या पोलीस पथकांवर ब्रिटनमध्ये गेल्या पंचवीस वर्षांत बऱ्याच मालिका निघाल्या. त्यांपैकी ‘अनफरगॉटन’ ही मला सर्वांत सरस वाटते. आयटीव्ही वाहिनीवर २०१५ साली सुरू झालेल्या आणि ख्रिस लँग यांनी लिहिलेल्या या मालिकेत या प्रकाराचे बळ जितके स्वच्छ दिसते, तितकेच त्याचे दोषही दिसतात. म्हणून हे परीक्षण मुख्यतः तिच्या आधाराने केले आहे.

पहिल्या पर्वात लंडनमधील एका पाडकामात तळघराखाली मानवी सांगाडा सापडतो. तो १९७६ साली बेपत्ता झालेल्या एका तरुणाचा निघतो. एका गंजलेल्या किल्लीवरून तपास त्या तरुणाच्या रोजनिशीपर्यंत पोहोचतो आणि रोजनिशीतील नावांवरून चार वयस्कर माणसांच्या दारात येतो. त्यांत एक धर्मगुरू आहे, एक बडा उद्योगपती आहे, चाकांच्या खुर्चीला खिळलेला एक हिशेबनीस आहे आणि वस्तीतील मुलांसाठी राबणारी एक बाई आहे. या बाईचा नवरा कृष्णवर्णीय आहे, आणि ती स्वतः मात्र तरुणपणी वर्णद्वेष्ट्यांच्या टोळीत वावरलेली आहे. खून कोणी केला, हा प्रश्न प्रेक्षकाला धरून ठेवतोच. पण मधल्या एकोणचाळीस वर्षांत या माणसांनी संसार केले, मुले वाढवली, समाजात मान मिळवला, त्या साऱ्याचे आता काय करायचे, हा प्रश्न त्याहून जड होत जातो. हिशेबनिसाची बायको स्मृतिभ्रंशाने ग्रासलेली आहे आणि तिच्या तोंडून अर्धवट, तुटक आठवणी बाहेर पडू लागतात, तेव्हा हिशेबनीस साकारणाऱ्या टॉम कोर्टनी यांच्या चेहऱ्यावर माया आणि भीती एकाच वेळी दिसते. या भूमिकेसाठी त्यांना मिळालेला बाफ्टा पुरस्कार पूर्णपणे सार्थ आहे.

ताज्या खुनाच्या कथेत माणसाचे केवळ काही दिवस किंवा आठवडे दिसतात. जुन्या खुनाच्या कथेत त्याचे अख्खे आयुष्य पुराव्यादाखल समोर येते, आणि या मालिकांची खरी ताकद इथेच आहे.

निकोला वॉकर यांनी साकारलेली कॅसी स्टुअर्ट आणि संजीव भास्कर यांचा सनी खान ही तपास अधिकाऱ्यांची जोडी फारसा आवाज न चढवता काम करते. मृताच्या म्हाताऱ्या आईला मुलगा सापडल्याचे सांगायला कॅसी जाते, त्या प्रसंगात बोलणे अगदी थोडे आहे. सांगणारी घाई करत नाही आणि ऐकणारीला वेळ दिला जातो. चौथ्या पर्वात तर नोकरीची तीस वर्षे भरली नाहीत तर पूर्ण निवृत्तिवेतन मिळणार नाही, एवढ्या साध्या कारणासाठी मन उडालेल्या कॅसीला पुन्हा कामावर हजर व्हावे लागते. सरकारी नोकरी घरात पाहिलेल्या कोणालाही हे क्षणात पटेल.

आमच्या मंगळवार पेठेतील शेजारी, पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले काका, यांतल्या काही मालिका आमच्याबरोबर पाहतात. खून कोणी केला यापेक्षा त्यांचे लक्ष मुद्देमालाच्या खोलीवर असते. तीस वर्षांपूर्वीचा खोका, त्यावरचे वाचता येणारे लेबल आणि आत कोरड्या पिशवीत ठेवलेला कपडा पाहून ते म्हणाले, “असा मुद्देमाल हाताला लागला, तर निम्मा तपास तिथंच झाला की!” २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत घराघरांतील कागदांचा लगदा झालेला पाहिलेल्या कोल्हापुरात या बोलण्याचे वजन वेगळे सांगायला नको. गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही, असा अहवाल आपल्याकडे न्यायालयात जातो. पोलीस त्याला ‘अ समरी’ म्हणतात. या मालिकांची सुरुवात जणू अशाच एखाद्या ‘अ समरी’चा गठ्ठा पुन्हा सोडण्यापासून होते.

गठ्ठा सोडून उपयोग होतो, यामागे ब्रिटनमध्ये घडलेल्या खऱ्या गोष्टी आहेत. अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी १९८४ साली लेस्टर विद्यापीठात डीएनएवरून व्यक्ती ओळखण्याची पद्धत शोधली आणि १९९५ साली ब्रिटनमध्ये राष्ट्रीय डीएनए संग्रह सुरू झाला. एकदा निर्दोष सुटलेल्यावर गंभीर गुन्ह्यासाठी, नवा आणि भक्कम पुरावा मिळाल्यास, पुन्हा खटला चालवण्याची मुभाही इंग्लंड आणि वेल्समध्ये २००५ पासून मिळाली. ‘स्टीलटाउन मर्डर्स’ ही बीबीसीची २०२३ सालची चार भागांची मालिका अशाच सत्यघटनेवर आहे. वेल्समध्ये १९७३ साली झालेल्या तीन मुलींच्या हत्यांचा छडा, जपून ठेवलेल्या कपड्यांवरील नमुने आणि संशयिताच्या मुलाच्या डीएनएशी जुळलेले धागे यांतून २००२ साली लागला. संशयित तोवर मरण पावला होता, म्हणून त्याचे थडगे उकरावे लागले. मालिका १९७३ आणि २००२ यांच्यात ये-जा करते, पण मुलींच्या मरणाचा देखावा मांडत नाही. ‘द पेम्ब्रोकशायर मर्डर्स’ही सत्यघटनेवरच आहे, त्यात १९८९ सालच्या दूरचित्रवाणीवरील एका खेळाचे चित्रीकरण आरोपीचा तेव्हाचा चेहरा दाखवते, आणि हा योगायोग खरोखर घडलेला असल्यामुळे खटकत नाही.

रचलेले योगायोग मात्र फार खटकतात. ‘अनफरगॉटन’चा साचा दुसऱ्या पर्वापासूनच ओळखू येतो: एकमेकांशी संबंध नसलेली वाटणारी चार माणसे, प्रत्येकाच्या घरात एक झाकलेली गोष्ट, आणि भाग संपता संपता एक फोन. शेवटी चौकशीच्या खोलीत कोणीतरी मन मोकळे करते आणि गुंता सुटतो. आपल्या पुरावा कायद्यानुसार पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. तिकडे ध्वनिमुद्रित चौकशीला पुरावा म्हणून किंमत आहे, हे मान्य. तरीही सहा भाग चिकाटीने जमवलेले कागद बाजूला पडून अश्रूंवर निकाल लागावा, ही पटकथेची पळवाट आहे. खटला कसा उभा राहिला आणि तीस वर्षांपूर्वीची साक्ष उलटतपासणीत टिकली का, हे बहुतेक मालिका दाखवतच नाहीत.

दुसरा दोष ‘वेकिंग द डेड’मध्ये ठळक आहे. बीबीसीवर २०००पासून २०११पर्यंत चाललेल्या या मालिकेत ट्रेव्हर ईव्ह यांचा पथकप्रमुख बॉइड संशयितांवर इतका खेकसतो, की त्यापुढे सू जॉन्स्टन यांनी संयमाने रंगवलेली मानसशास्त्रज्ञ झाकोळून जाते. बॉइडचा बेपत्ता मुलगा, त्याचा संताप आणि त्याचे झोप उडालेले आयुष्य तपासावर चढत जाते. (हेच ईव्ह ‘अनफरगॉटन’च्या पहिल्या पर्वात संशयित उद्योगपती झाले आहेत, आणि तिथे कितीतरी अधिक परिणामकारक वाटतात.) नेटफ्लिक्सवरील २०२५ सालची, एडिनबरामध्ये घडणारी ‘डिपार्टमेंट क्यू’ हीसुद्धा अधिकाऱ्याच्या जखमेवर बराच वेळ घालवते, तिथे अक्रम या सीरियाहून आलेल्या शांत सहकाऱ्यामुळे तोल सावरतो.

‘न्यू ट्रिक्स’ तुलनेने हलकीफुलकी आहे. निवृत्त पोलिसांचे पथक, त्यांच्या कुरबुरी आणि बागेत दिवंगत पत्नीशी बोलत बसणारा जॅक, एवढ्यावर तिची पहिली काही पर्वे छान चालतात. मूळ कलाकार एकेक करून गेल्यावर उरलेली पाहिली नाहीत तरी चालेल.

सुरुवात ‘अनफरगॉटन’च्या पहिल्या पर्वाने करावी, सलग सहा भाग दोन-तीन रात्रींत पाहावेत, कारण नावे आणि नाती पुष्कळ आहेत. त्यानंतर ‘स्टीलटाउन मर्डर्स’ घ्यावी. वेल्समधील उच्चार कानाला नवे असल्याने उपशीर्षके चालू ठेवावीत, आणि वडीलधारी मंडळी बरोबर असतील तर ती वाचायला पुरेसा वेळ मिळावा म्हणून मधूनमधून थांबवायची तयारी ठेवावी.