शाप म्हणणारा कोण? ‘हेलब्लेड : सेनुआज सॅक्रिफाइस’ पुन्हा खेळताना

केंब्रिजच्या निंजा थिअरी या स्टुडिओने सुमारे २० जणांच्या चमूच्या बळावर उभा केलेला आणि २०१७ साली प्रकाशित झालेला ‘हेलब्लेड : सेनुआज सॅक्रिफाइस’ हा गेम मी नुकताच दुसऱ्यांदा पूर्ण केला. पहिल्या वेळी सेनुआचे दुःख पाहून मी हादरले होते. या वेळी पुढचे ठाऊक असल्यामुळे ते दुःख तिच्यात कोणी आणि कसे रुजवले याकडे लक्ष गेले, आणि या गेमचे मोठेपण तिथेच आहे असे मला ठामपणे वाटू लागले. पुढील मजकुरात शेवटापर्यंतची कथा उघड होते, याची वाचकांनी नोंद घ्यावी.

सेनुआ ही आठव्या शतकाच्या अखेरच्या काळातील, स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ओर्कनी बेटांवरची पिक्ट (तिथल्या एका प्राचीन जमातीची) योद्धा. नॉर्स (स्कँडिनेव्हियातून आलेल्या व्हायकिंग) हल्लेखोरांनी तिच्या प्रियकराचा, डिलियनचा, बळी दिला आहे; त्याचे शिर कमरेला बांधून, हेला या मृत्युदेवतेकडून त्याचा आत्मा सोडवून आणण्यासाठी ती हेलहाइमकडे, म्हणजे नॉर्स पुराणकथांतील मृतांच्या लोकाकडे, निघाली आहे. वरवर पाहता कथा एवढीच. पण प्रत्येक पाऊल तिला बालपणाकडेही नेत असते. तिला लहानपणापासून आवाज ऐकू येतात, इतरांना न दिसणारे दिसते, आणि तिची आई गॅलेना हिचेही तसेच होते. बाप झिनबेल या अवस्थेला शाप म्हणतो आणि मुलीला जगापासून दूर कोंडून ठेवतो. आईला त्यानेच जाळले, ही आठवण सेनुआच्या मनाने इतकी खोल पुरली आहे की ती वर यायला जवळजवळ सगळा गेम खर्ची पडतो.

हा गेम हेडफोन लावूनच खेळावा. दोन कानांना जसे ऐकू येते तसे ध्वनिमुद्रित केलेले आवाज डोक्याभोवती फिरत राहतात. एक हिणवतो, एक घाबरतो, एखादा हलकेच धीर देतो. सायकोसिसचे, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणाऱ्या आणि नसलेले दिसणाऱ्या मनोवस्थेचे, हे चित्रण वरवरचे राहू नये म्हणून निर्मात्यांनी केंब्रिज विद्यापीठातील मनोविकारतज्ज्ञ पॉल फ्लेचर यांचे आणि हा अनुभव प्रत्यक्ष घेतलेल्या व्यक्तींचे साहाय्य घेतले होते, आणि ती मेहनत जाणवते. लढताना शत्रू पाठीमागून आला की हेच आवाज सावध करतात. छळणारे आणि राखणारे एकच असतात, त्यामुळे त्यांना सरळ शत्रू मानता येत नाही. एका परीक्षेत तर पडदा जवळजवळ काळोखा होतो आणि डिलियनच्या स्वरावर विसंबून वाट काढावी लागते. तो भाग मी दोन्ही वेळा श्वास रोखून खेळले.

सेनुआच्या हातावर एक काळी कुज चढत असते. प्रत्येक पराभवासरशी ती वाढेल आणि डोक्यापर्यंत पोहोचली की सगळा प्रवास पुसला जाईल, अशी सूचना सुरुवातीलाच पडद्यावर येते. प्रत्यक्षात तसे काहीही घडत नाही. साठवलेला खेळ कधीच पुसला जात नाही. यावर अनेक खेळाडू रागावले आणि त्यांचा राग मी समजू शकते, परंतु मला ही योजना अतिशय अर्थपूर्ण वाटते. ‘अंधार तुला गिळेल’ हे बापाचे वाक्य सेनुआ जितक्या मुकाट्याने खरे मानून बसली आहे, तितक्याच मुकाट्याने आपणही पडद्यावरचे ते वाक्य खरे मानतो आणि प्रत्येक घाव जपून घालू लागतो.

उणिवा आहेतच. दृश्यातल्या खांब-सावल्यांतून चिन्हाचा आकार जुळवण्याची कोडी आरंभी मोहवतात, पण पुढे त्यांचा कंटाळा येतो. लढतींतही शत्रूंचे प्रकार मोजकेच आहेत. मेलिना युर्गेन्स यांच्या अभिनयापुढे मात्र या तक्रारी फिक्या पडतात. मुळात त्या स्टुडिओत व्हिडिओ संपादनाचे काम करत होत्या, आणि याच भूमिकेसाठी त्यांना २०१८ साली बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला. हिंसा आणि जळिताची दृश्ये अंगावर येणारी आहेत. ज्यांची स्वतःची जखम अजून ओली आहे त्यांनी हा गेम एकट्याने, रात्रीच्या वेळी खेळू नये, असे मी कळकळीने सांगेन.

शेवटच्या लढतीत शत्रू संपतच नाहीत. पहिल्या वेळी मी बोटे दुखेपर्यंत तलवार चालवत राहिले, कारण हरणे म्हणजे सगळे गमावणे हे मनात पक्के बसले होते. सेनुआला पडू दिले तेव्हाच कथा पुढे सरकली. त्यानंतर हेलाच्या जागी सेनुआ स्वतः उभी दिसते, डिलियनचे शिर ती स्वतःच्या हातांनी दरीत सोडते आणि मागे वळते. आवाज तेव्हाही तिच्यासोबत असतात. बापाचा धाक मात्र त्यांत उरलेला नसतो.