व्हॉट्सॲपवरची ‘क्रिकेट आयडी’: घ्यावी का?

सेवा: परदेशी बेटिंग साइटची आयडी, एजंटमार्फत
गुण: पाचपैकी शून्य

ऑनलाइन गेमिंग कायद्यावर २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची सही झाली आणि ड्रीम इलेव्हनसारख्या ॲपांनी पैशांच्या स्पर्धा बंद केल्या. टीम लावायची सवय मात्र नाशिकच्या सिडको-सातपूरला तशीच राहिली. त्या सवयीवरच आता ‘आयडी पाहिजे का?’चे मेसेज फिरतात.

पैसे भरण्याची सोय चोख आहे, हे मान्य. नंबरवर ‘हाय’ टाकलं की लॉगिन आणि क्यूआर येतो, ५०० रुपये टाकून स्क्रीनशॉट पाठवला की ‘कॉइन’ जमा. पण क्यूआरवरचं नाव वाचा. कुठल्यातरी किराणा दुकानाचं किंवा परक्या माणसाचं असतं, आणि पुढच्या वेळी तेही बदललेलं असतं. ही भाड्याने घेतलेली खाती.

भावाचं गणित असं. टॉसला दोन्ही बाजूंना १.९० दर असेल, तर दोन्हीकडे शंभर-शंभर लावून २०० चे १९० परत येतात. नाणं उडायच्या आधीच शेकडा पाच गेले. सेशन, म्हणजे ठरावीक षटकांत किती धावा होतील यावरचा डाव, त्याहून बेरकी: सहा षटकांचा भाव ४६-४७ असेल तर ‘येस’वाल्याला ४७ हवेत, ‘नॉट’वाल्याला ४५ किंवा कमी. बरोब्बर ४६ झाले की दोघेही बुडाले.

बोनसला भुलू नये. ५०० वर ५०० फुकट, पण अट ‘दहापट रोलओव्हर’ची. भरणा आणि बोनस मिळून हजार, म्हणजे १०,००० चे डाव लावल्याशिवाय पैसे निघत नाहीत. शेकडा पाचाने त्यात सरासरी ५०० झिजतात. नोटा छापणाऱ्या गावात हा हिशेब कुणी समजावून सांगायला नको खरं तर.

खरी परीक्षा पैसे काढताना. लहान रक्कम पटकन देतात, विश्वास बसावा म्हणून. मोठी मागितली की ‘केवायसी बाकी’, मग ‘सर्व्हर डाउन’, शेवटी ‘आधी ३० टक्के टॅक्स भरा’. ही शुद्ध थाप. निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के टीडीएस आहे खरा, पण तो देण्याच्या रकमेतूनच कापतात.

आणि पैसे आले तर? त्याची भीती जास्त. ते कुणाच्यातरी फसवणुकीतून फिरत आलेले असू शकतात. त्या माणसाने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली की साखळीतल्या पुढच्या खात्यांवर बंदी येते, त्यात पगाराचं खातंही अडकतं. तक्रार बऱ्याचदा परराज्यातली असते. अशा वेळी शाखेतून तक्रारीचा पोचक्रमांक आणि पोलीस ठाण्याचं नाव लेखी घ्या. पूर्ण खातं गोठवलंय की फक्त वादातली रक्कम, हेही विचारा. पूर्ण खातं असेल तर वादाची रक्कम बाजूला ठेवून बाकीचं मोकळं करा, असा अर्ज तपास अधिकाऱ्याकडे आणि बँकेकडे द्या.

नव्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही, चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. म्हणून फसल्यावर गप्प बसू नका. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (प्रत्येक व्यवहाराला बँक देते तो), क्यूआरचा फोटो, चॅट जपून १९३० ला लगेच फोन करा. लिंकवरून घेतलेलं एपीके (प्ले स्टोअरबाहेरची ॲपची फाइल) असेल तर त्याला दिलेली एसएमएस आणि ॲक्सेसिबिलिटीची (स्क्रीन वाचायची) परवानगी आधी काढा, मग ॲप उडवा आणि यूपीआय पिन बदला.