कॉर्निंगचा काच-स्टुडिओ : नायगाराच्या वाटेवरचा थांबा की शिकण्याची जागा?

न्यूयॉर्कहून नायगाराला निघालेल्या सहलीच्या कित्येक बसगाड्या न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग गावच्या काचसंग्रहालयापाशी तास-दोन तास थांबतात, त्यामुळे अमेरिकेत मुलांकडे आलेल्या अनेक मराठी आईवडिलांनी ही इमारत पाहिलेली असते. काच घडवण्याचे प्रात्यक्षिक पाहायचे, कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या दुर्बिणीच्या आरशासाठी १९३४ साली ओतलेली आणि सदोष निघालेली २०० इंची काचेची अवाढव्य चकती पाहायची आणि पुन्हा बसमध्ये बसायचे, असा तो कार्यक्रम असतो. याच आवारात १९९६ पासून चालणारा स्टुडिओ मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. हे परीक्षण त्या स्टुडिओतील, नवशिक्यांना फुंकून काच घडवायला शिकवणाऱ्या शनिवार-रविवारच्या वर्गाविषयी आहे.

प्रथम एक फरक स्पष्ट करायला हवा. येथे पर्यटकांसाठी ‘स्वतःची वस्तू बनवा’ असा छोटा उपक्रमही आहे. त्यात काच फुंकण्याची लांब नळी बहुतांशी कारागिराच्या हाती असते आणि आपण सांगितल्यावर फुंकतो. मुलांना घेऊन गेल्यास तो उत्तमच, पण त्याला शिकणे म्हणता येणार नाही. वर्गात भट्टीतून काच उचलण्यापासून सारे काही स्वतः करावे लागते. सुमारे ११०० अंश सेल्सिअसला वितळलेल्या काचेत आधी तापवलेले नळीचे टोक बुडवून ते फिरवत बाहेर काढले, की त्यावर नारिंगी गोळा येतो आणि त्या क्षणापासून नळी सतत फिरती ठेवावी लागते, कारण हात थांबला की चमच्यावरच्या काकवीसारखी काच खाली ओघळू लागते.

काच फुगवायला छातीत फार दम लागतो, ही समजूत पहिल्याच सत्रात दूर होते. नळीत हलकीशी फुंकर घालून दुसरे टोक अंगठ्याने झटकन बंद करायचे. आत कोंडलेली हवा तापून प्रसरण पावते आणि काचेत बुडबुडा आपोआप उमटतो. खरे कौशल्य गोळा नळीच्या मध्यावर राखण्यात आहे. त्यासाठी पाण्यात भिजवलेला चेरीच्या लाकडाचा खोलगट ठोकळा आणि ओल्या वर्तमानपत्राची जाड घडी वापरतात. त्या घडीतून तळहाताला काचेची ऊब आणि गोलाई एकाच वेळी जाणवते. यंत्रांनी भरलेल्या या शतकातही एवढ्या साध्या वस्तूला पर्याय निघालेला नाही, याची मला गंमत वाटली.

शिक्षकांविषयी विशेष लिहायला हवे, कारण वर्गाचे मोल त्यांच्यामुळेच आहे. शिकवण्याच्या नावाखाली विद्यार्थ्याच्या हातातून नळी काढून घेऊन वस्तू स्वतःच पूर्ण करणारा एक स्टुडिओ मी दुसऱ्या एका शहरात पाहिला आहे. येथे तसे होत नाही. गोळा तिरका झाला तर तो का झाला हे सांगतात, पुन्हा तापवायला लावतात आणि बिघडला तर बिघडू देतात. आपली पाळी नसेल तेव्हा जोडीदाराला मदत करायची असते. नळीवरून वस्तू दुसऱ्या सळईवर घेताना मानेवर पाण्याचा थेंब टाकून हलका ठोका कधी द्यायचा, हे मला स्वतःच्या कामापेक्षा या मदतनिशीतच अधिक कळले.

अशी स्टुडिओ-पद्धत फार जुनी नाही. १९६० च्या दशकापर्यंत फुंकून काच घडवणे हे अमेरिकेत जवळजवळ पूर्णपणे कारखान्यांतले काम होते. कॉर्निंगमध्येच जन्मलेल्या हार्वे लिटलटन यांनी १९६२ साली ओहायोतल्या टोलेडो शहराच्या कलासंग्रहालयात छोट्या भट्टीवर कार्यशाळा घेतल्या आणि एकट्या कलावंतालाही काच घडवता येते हे दाखवून दिले. त्यांचे वडील कॉर्निंगच्या कारखान्यात भौतिकशास्त्रज्ञ होते.

आता व्यवहाराचे. तयार वस्तू त्याच दिवशी हाती मिळत नाही, कारण ती सुमारे ४८० अंशांच्या भट्टीत ठेवून रात्रभर सावकाश थंड करावी लागते. घाई केल्यास बाहेरचा थर आधी आक्रसतो आणि आत ताण राहून वस्तू तडकते. सुती कपडे आणि पुढून बंद बूट घालावेत, ओढणी आणि सैल बाह्या टाळाव्यात. भट्टीचा ताप सोसत नसेल त्यांनी ज्योतीवर मणी घडवण्याचा वर्ग घ्यावा. तो बसून करता येतो. शुल्क स्वस्त नाही, त्यात राहण्याचा खर्च वेगळा, आणि गावात प्रवासी रेल्वे येत नसल्याने मोटार असलेली बरी. ज्यांना आठवडाभराचा वर्ग करायचा आहे त्यांनी शिष्यवृत्तीची चौकशी अवश्य करावी. केवळ घरी न्यायला एक फुलदाणी हवी असेल, तर संग्रहालयाच्या दुकानात ती कमी खर्चात आणि अधिक सुबक मिळेल.