गिझर बिघडला: कंपनीचा माणूस, ओळखीचा मेकॅनिक की एएमसी (वार्षिक देखभाल करार)?

गिझर दुरुस्तीच्या बिलात तीन गोष्टी असतात: व्हिजिट, मजुरी आणि पार्ट. घासाघीस बहुतेक जण मजुरीवर करतात, पण बिल फुगतं ते गरज नसलेला पार्ट बदलल्याने. थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा पार्ट) गेलेला असतो आणि 'सोबत कॉइलही (पाणी तापवणारा पार्ट) बदलून टाकू' म्हणत दोन्हींचे पैसे लागतात. त्यामुळे कोणाला बोलवायचं हे ठरवण्याआधी बिघाड कुठे असावा, याचा अंदाज घ्या.

लक्षणावरून अंदाज

एकही दिवा लागत नसेल तर आधी एमसीबी (जादा वीज ओढली की पडणारा स्विच) आणि १६ अँपिअरचा प्लग बघा. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टला जवळपास ९ अँपिअर ओढतो. सॉकेटमधली पकड सैल असली की प्लगची पिन काळी पडते. हे काम साध्या इलेक्ट्रिशियनचं आहे, त्यासाठी कंपनीला व्हिजिट चार्ज देण्यात अर्थ नाही. पाणी तापत असल्याचा दिवा लागतो पण पाणी गारच, तर बहुधा कॉइल तुटली आहे. वीज पोचते पण तो दिवा लागतच नाही, तर संशय थर्मोस्टॅट किंवा कटआउटवर (पाणी अति तापलं तर वीज तोडणारा पार्ट). चालू करताच आरसीसीबी (विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडत असेल तर बहुधा कॉइलचं आवरण चिरून पाणी आत गेलेलं असतं. अशा वेळी आरसीसीबी वगळून जोडणी करून देणारा माणूस फुकट आला तरी नको.

गळती मात्र नीट बघावी लागते. सेफ्टी व्हॉल्व्हमधून फक्त पाणी तापताना थेंब पडत असतील तर बहुतेकदा तो बिघाड नसतो. २५ अंशांचं पाणी ६० अंशांवर गेलं की सुमारे दीड टक्क्याने फुगतं, म्हणजे १५ लिटरच्या टाकीत साधारण २०० मिलिलिटर जादा पाणी. आत येणाऱ्या लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारा) असेल तर ते इथूनच बाहेर पडणार. गिझर बंद असतानाही धार लागत असेल तरच व्हॉल्व्ह बदला. कॉइलच्या फ्लँजभोवती (ती टाकीला बोल्टने बसवायची चकती) ओल असेल तर गॅस्केट (मधलं रबरी पॅकिंग), हा सगळ्यात स्वस्त पार्ट. पत्र्याच्या आवरणातून गंजाळ पाणी येत असेल तर टाकी गेली. काचेचा लेप असलेली टाकी वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याला नकार द्या. उष्णतेने आतला लेप तडकतो आणि शेजारीच नवं भोक पडतं.

'खार धरलाय म्हणून पाणी उशिरा तापतं आणि वीज जास्त जाते' हे वाक्य तिघेही ऐकवतील. ते अर्धंच खरं आहे. कॉइल पाण्यात बुडालेली असते, तिची उष्णता शेवटी पाण्यातच जाते. खाराने नुकसान होतं ते कॉइलचं: ती आतून जास्त तापते आणि लवकर जळते. पाणी उशिरा तापण्यामागे अनेकदा कमी व्होल्टेज असतं. २०० व्होल्टला २००० वॅटची कॉइल जेमतेम १५०० वॅट देते. १५ लिटर पाणी ४० अंशांनी तापवायला २१ मिनिटं लागायची, तिथे २८ लागतात.

कोणाला कधी

वॉरंटी चालू असेल तर प्रश्नच नाही, कंपनीचा माणूस. टाकीची वॉरंटी सहसा सर्वांत लांब असते, त्यामुळे दोन वर्षं उलटली म्हणून कार्ड फेकू नका. बाहेरच्याने गिझर उघडला तर ती नाकारली जाऊ शकते. वॉरंटीनंतर कंपनीचा फायदा म्हणजे नेमका बसणारा पार्ट आणि त्याचं बिल. तोटा असा की सुटा पार्ट न बदलता अख्खा संच बदलण्याकडे कल असतो, आणि काम केलं नाही तरी व्हिजिट चार्ज द्यावा लागतो.

गॅस्केट, थर्मोस्टॅट, कटआउट, वायरिंग यांसाठी ओळखीचा मेकॅनिक परवडतो. कॉइलही तो बदलू शकतो, पण पार्ट जुळवून घ्या: वॅट, फ्लँजचा आकार व बोल्टची भोकं, कॉइलचा धातू, थर्मोस्टॅटच्या दांडीची लांबी. दर विचारताना 'पार्ट किती, मजुरी किती, टाकी रिकामी करून पुन्हा भरणं त्यात आलं का' असं वेगवेगळं विचारा. एकरकमी आकड्यात तुलना करता येत नाही.

कॉइल बदलायची म्हणाला तर मीटर लावून दाखवायला सांगा. वीज तोडून, कॉइलच्या दोन्ही वायरी सोडवून टोकांवर मीटर लावला की २००० वॅटला सुमारे २६ ओहम दिसले पाहिजेत, ३००० वॅटला साडेसतरा. काहीच आकडा आला नाही तर कॉइल तुटलेली. टोक आणि टाकीचा धातू यांमध्ये आकडा आला तर आवरण फुटलेलं. या दुसऱ्या मोजणीत आकडा न आल्यास मात्र कॉइल निर्दोष ठरत नाही. विजेची बारीक गळती ५०० व्होल्टच्या इन्सुलेशन टेस्टरवरच पकडली जाते.

एएमसी घ्यायची तर आधी वगळलेल्या पार्टची यादी वाचा. कॉइल आणि टाकी वगळली असेल तर तुम्ही मुख्यतः मजुरीच आगाऊ भरताय. पाणी क्षारयुक्त असेल तर तरीही ती उपयोगी पडते, कारण दरवर्षी टाकी साफ होते आणि मॅग्नेशियमचा अॅनोड रॉड तपासला जातो. हा रॉड टाकीऐवजी स्वतः झिजतो. आतली तार दिसू लागली की बदलायचा. सर्व्हिस झाली म्हणून सही करण्याआधी रॉड बाहेर काढलेला दाखवायला सांगा, कारण तो न उघडताच निघून जाणारे बरेच. पाणी मृदू आणि गिझर नवा असेल तर एएमसीचे पैसे वाचवा.

वॉरंटी संपलेल्या जुन्या गिझरचा दुरुस्ती खर्च नव्याच्या निम्म्यावर गेला की नवा घ्यावा, हा आमचा ठोकताळा.

पैसे देण्याआधी जुना पार्ट मागून घ्या. मग गरम पाण्याचा नळ सलग धार येईपर्यंत सोडून ठेवा आणि नंतरच स्विच चालू करू द्या. रिकाम्या टाकीत नवी कॉइल बघता बघता जळते आणि तिच्या वॉरंटीवरून वाद सुरू होतो.